करून दाखवा

विकणाऱ्या एजंटनं सांगितलं होतं,
एकदम सायलेंट गाडी आहे मॅडम, पवईच्या कुटिन्होसाहेबांची,
रविवारी चर्चला तेवढी निघायची.
एक लाख अठरा हजार किलोमीटर.
केवढं लांब असेल ते चर्च.

पहिल्या महिन्यात मी तिचे आवाज वहीत उतरवले,
तारीख घालून, डावीकडे समास सोडून.
सव्वीस वर्षं विक्रोळीच्या रात्रशाळेत
अनुकरणवाचक शब्द शिकवले.
फळ्यावर पाणी खळखळलं, पानं सळसळली,
आणि दिवसभर वर्कशॉपमध्ये राबून आलेली पोरं
त्या सळसळीत बाकावर मान टाकून झोपली.
लेथचा आवाज कसा, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

कुर्ल्याला, कमानीच्या पुढं, मुबारक परकारचं गॅरेज.
माणूस श्रीवर्धनचा, मराठी माझ्याहून खारट.
मी वही उघडली.
त्यानं हात पुसले, वहीकडं बघितलंसुद्धा नाही.
'बाई, वाचू नका. करून दाखवा.'

भर दुपारी, तीन रिक्षावाल्यांच्या देखत,
एकसष्ट वर्षांच्या बाईनं पदर खोचला आणि सुरुवात केली.
स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना: कट्कट्कट्कट्.
'एक्सलचा जॉइंट. बूट फाटलाय, ग्रीस गेलं.'
सकाळी पहिल्या सेल्फला: चिर्रर्र.
'बेल्ट.'
एलबीएस रोडच्या खड्ड्यांत: खडखड.
'खडखड, का खडक्-खडक्?'
मी डोळे मिटले,
घाटकोपरच्या सिग्नलपासून गाडी पुन्हा चालवली.
खडक्-खडक्.
'लिंक रॉड. खडखड असती तर सायलेन्सरचं ब्रॅकेट.'
एवढा फरक
माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात नव्हता.

सायनच्या ट्रॅफिकात काटा लालमध्ये जातो, तो मात्र बिनआवाजाचा.
बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या पंख्याची वायर कुरतडलेली,
बॅटरीमागं उंदरानं संसार मांडलेला:
चिंध्या, वडापावचा कागद,
पार्किंगचा दर वाढल्याची आमच्याच सोसायटीची नोटीस, अर्धी.
'अर्धी वाचून झालीये त्याची,' परकार म्हणाला.

एक आवाज उरला.
स्पीडब्रेकरवरून डावं चाक उतरतं तेव्हाचा.
धप् नाही. ठक् नाही. बद्द म्हणावं, तर तेही नाही.
मी तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं.
रिक्षावाले वाट बघत होते.

टायर घरंगळवत चाललेला पोरगा थांबला.
पलामूचा, विशीतला, दिवसभरात एक अक्षर बोलला नव्हता.
सकाळी गाडी आत घेताना त्यानं एकदाच ऐकला असेल.
त्यानं टायर मांडीला टेकवला, ओठ मिटले, गाल फुगवला,
आणि काळ्या बोटानं गालावर एक टिचकी मारली.

तोच.
शब्द नव्हता तो. आवाजच होता,
ओला, पोकळ, चाकाखालून उचलून आणल्यासारखा.
'शॉकअपचं माउंटिंग, डावं,' परकारनं निकाल दिला
आणि पान्याला हात घातला.

वहीत त्या जागी मी नुसती रेघ ओढली.
पोराला नाव विचारलं. बिरसाय.
ते रेघेवर लिहिलं.

दोन दिवसांनी बिल.
जॉइंट, बेल्ट, लिंक रॉडची जोडी, वायरिंग, माउंटिंग,
आणि सगळ्यात खाली, परकारच्या उतरत्या अक्षरात:
आवाज, १ नग, मजुरी ३००.
घासाघीस केली नाही.

परतताना काचा वर घेतल्या,
प्रत्येक ब्रेकर मुद्दाम हळू ओलांडला, मान डावीकडं कलती करून.
काही नाही.
विक्रोळीला सिग्नल लागला.
शेवटच्या बाकावरचा रोहिदास पाटोळे
कुठल्या मशीनवर होता,
आठवेना.